सायखेड्याच्या आजींची पांढरी बाटली

नाशिक, दिवाळीची सुट्टी, सन १९३६

तीर्थरूप खंडेरावमामांच्या पायांवर भाची नवसा डोके ठेवते. मनमाडास आपण सर्व खुशाल असाल, आपल्या स्टेशनातून गाड्या वेळेवर सुटत असतील आणि थंडीने मामींचा दमा बळावला नसेल अशी आशा करते. (बळावला असल्यास सविस्तर कळवावे. आडवे झाल्यावर वाढतो की उठून बसल्यावर? हल्ली मी हे सर्वांनाच विचारते. काल पोस्टमनलाही विचारले. त्याला दमा नव्हता, पण गुडघे दुखत होते, त्यामुळे फुकट गेले नाही.) इकडे दादांची शेवंती यंदा भरघोस आली आहे आणि आईचे हात माळा करून हिरवे झाले आहेत.

आता मी सुट्टीत काय केले ते लिहिते. शाळेत एका महिला मंडळाच्या बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, वरच्या वर्गांतल्या मुलींना आठ दिवस दवाखान्यातली कामे जवळून पाहायला मिळतील. डॉक्टर काय करतात, नर्स काय करते, सुईण काय करते, औषधे कोण बनवते, ते सगळे पाहा. मन रमले तर पुढे शिका, नाहीतर निदान घरच्यांना धड पट्टी तरी बांधा. मी आणि नूरबानोने तिथल्या तिथे नावे दिली. (नूरबानो म्हणजे माझ्या बाकावरची, निजामचाचा विणकरांची मुलगी. आपण आंबे घेऊन आला होता तेव्हा सर्वांत जास्त तिनेच खाल्ले होते.) दादांना वाटले, महिला मंडळ म्हणजे विणकाम असणार. त्यांनी परवानगी दिली आणि मीही उगाच खुलासा केला नाही.

पहिल्या दिवशी एका माणसाच्या पायावरचे गळू कापायचे होते. मी मान लांब करून पाहत होते, आणि त्यानंतर मला आठवते ते एकदम छतच. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा हे विचारले, की रक्त त्याचे गेले तर चक्कर मला का? दवाखान्याच्या डॉक्टर मथुराबाई मुळीच हसल्या नाहीत. त्यांनी पाटीवर हृदय काढले, त्याच्या नळ्या काढल्या आणि भीतीने ठोके कसे मंदावतात, डोक्याला रक्त कसे कमी पोचते ते समजावले. मामा, इतकी वर्षे हे सगळे माझ्या आत चालले होते आणि मला पत्ता नव्हता! त्या दिवसापासून मला राहवेना. दुसऱ्या दिवशी पट्ट्या शिकवल्या. पहारेकरी केरू याला रुग्ण म्हणून बसवला होता. आम्ही आठ मुलींनी मिळून त्याला डोक्यापासून कोपरापर्यंत असा बांधला, की नूरबानोच्या गाठी कुणालाच सुटेनात. (विणकराच्या घरची गाठ ती.) तेवढ्यात त्याची जेवणाची सुट्टी झाली आणि तो तसाच घरी गेला. हनुवटी बांधलेली, त्यामुळे त्याला तोंड उघडून सांगता येईना. त्याच्या बायकोने, सिंधुबाईने, असा हंबरडा फोडला की सगळी आळी गोळा झाली. आमच्या पट्ट्या मात्र जराही सरकल्या नव्हत्या, असे मथुराबाईंनी मुद्दाम सांगितले.

आता पाचव्या दिवसाचे लिहिते. ते लिहायला मला दोन दिवस धीर होत नव्हता. त्या दिवशी मला औषधांच्या खोलीत कंपाउंडर धोंडीराम यांच्या हाताखाली दिले होते. सकाळी सायखेड्याहून आक्काबाई नावाच्या आजी आल्या. अशक्तपणासाठी त्यांना लाल औषध पोटात घ्यायचे होते आणि दुखऱ्या गुडघ्याला चोळायला पांढरे. धोंडीरामांनी दोन बाटल्या भरल्या, कशाचे काय ते मला सांगितले आणि चिठ्ठ्या चिकटवायला देऊन ते दुसऱ्या रुग्णाकडे वळले. माझे अर्धे लक्ष तेव्हा तराजूच्या इवल्याशा वजनांत होते. आजी म्हणाल्या, "पोरी, मला वाचता येत नाय. तोंडानं सांग." मला वाटले, लक्षात राहील असे सांगावे. मी म्हटले, "आजी, पांढरे दुधासारखे आहे ना, ते पोटात. लाल कुंकवासारखे, ते वरून लावायचे." चिठ्ठ्याही मी तशाच चिकटवल्या. आजींनी माझ्या गालांवरून हात फिरवला, "लय हुशार हाय पोर," म्हणाल्या आणि सर्व्हिस मोटरने गावी गेल्या. मी दुपारपर्यंत हवेत होते.

दुपारी धोंडीराम आम्हाला वास ओळखायला शिकवत होते. पांढऱ्या औषधाचे बूच काढून म्हणाले, "ह्यात टर्पेंटाइन आणि कापूर आहे. हे कधी पोटात जाता कामा नये. म्हातारे माणूस असेल तर जिवावर बेतेल." मामा, सकाळी मी आजींना तेच पोटात घ्यायला सांगितले होते! नूरबानोने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या हातून काहीतरी चुकले हे तिला न सांगताच कळले. ती हळूच म्हणाली, "चल, बाईंकडे." मी म्हटले, बाई मला हाकलून देतील. ती म्हणाली, "देऊ देत की. आधी चल तर." आम्ही धावत गेलो. मथुराबाई कुणाची तरी छाती तपासत होत्या. मी दारातच रडत सगळे ओकले. त्यांनी एकच विचारले, "निघून किती वेळ झाला?" आणि कानातली नळी काढून मोटरच्या किल्ल्या उचलल्या.

मोटर जुनी होती. वाटेत दोनदा थांबली, दोनदा आम्ही ढकलली, आणि एकदा गाईंचा कळप आडवा आला तेव्हा नूरबानो उतरून एकेका गाईची शेपटी धरून तिला बाजूला करत होती. मथुराबाई नुसता हॉर्न वाजवत होत्या. त्यांनी रागावायला हवे होते, म्हणजे मला जरा बरे वाटले असते. मी सारखी सूर्याकडे पाहत होते. सायखेड्यात पोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. आजींच्या अंगणात सगळे शांत होते. मी नूरबानोचा हात धरून आत गेले.

आजी ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांची सून पदराने त्यांचा गुडघा झटकत होती. लाल औषधात साखरेचा पाक होता, त्यामुळे गुडघ्यावर मुंग्यांची रांग लागली होती. "डॉक्टरीणबाई," आजी म्हणाल्या, "औषध गुणाचं हाय, पण मुंग्या लय चावत्यात." मथुराबाईंनी विचारले, "आणि पांढरे?" आजींनी देवघराकडे बोट केले. बाटली देवापुढे होती, वर फूल वाहिलेले. नवीन काहीही देवाला दाखवल्याशिवाय आजी पोटात घालत नाहीत. दिवा लागला की घेणार होत्या. सून वाती वळून तयार होती.

मी ती बाटली छातीशी धरून खाली बसले आणि मोठ्याने रडले. आजींना वाटले, मला औषध हवे आहे. म्हणाल्या, "घे गं माय, मला एवढं काय नडलंय!" मग मी त्यांच्या पायांवर डोके ठेवून चूक सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हंजी मी मरणार हुती?" आणि सुनेला म्हणाल्या, "चहा टाक, चौघींचा."

परतताना मथुराबाई माझ्या चुकीबद्दल पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "चूक माझ्याही दवाखान्याची आहे. नवशिकीच्या हातची बाटली तपासल्याशिवाय बाहेर जायला नको होती." मग जरा वेळाने म्हणाल्या, "चुका सगळ्यांच्या हातून होतात. लपवणारी मुलगी मला चालत नाही." आणि मी काय केले असेल? त्यांना विचारले, की टर्पेंटाइन पोटात गेले तर आत नेमके काय होते? नाशिक येईपर्यंत त्या सांगत होत्या आणि मी विचारत होते. नूरबानो माझ्या खांद्यावर झोपली होती. उरलेले तीन दिवस मी प्रत्येक बाटली तीनदा वाचली आणि धोंडीरामांनी चौथ्यांदा.

मामींना माझा नमस्कार सांगावा आणि त्यांच्या दम्याचे न विसरता कळवावे.

आपली भाची,
नवसा

ता. क. खरे तर पत्र ह्यासाठी लिहिले. मॅट्रिकनंतर पुण्यास नर्सचे शिक्षण घेता येते. मथुराबाईंनी अर्ज दिला आहे, त्यावर वडिलांची, म्हणजे दादांची, सही लागते. दादा म्हणतात, "फुलांत वाढलेली पोर दुसऱ्यांची घाण उपसणार?" ते आपल्या शब्दाबाहेर नाहीत. रविवारी यावे.

ता. क. दुसरा. सायखेड्याचे दादांना सांगू नये. आम्ही गंगेच्या घाटावर गेलो होतो असे त्यांना माहीत आहे. (सायखेडेही गोदेकाठीच आहे. नदी तीच, त्यामुळे हे अगदीच खोटे नाही.)

ता. क. तिसरा. पाकीट बंद करण्यापूर्वी आईने पत्र वाचून दाखवायला लावले. मुंग्यांना ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग विचारले, "तुझी चूक बाईंना कुणी सांगितली?" मी म्हटले, मीच. ती बराच वेळ माळेला गाठी देत राहिली. मग म्हणाली, "भावाला लिही, यायची काही गरज नाही. ह्यांच्याशी मी बोलते." तरी मामा, आपण याच. आई बोलायला लागली, की दादांच्या बाजूनेही कुणीतरी लागेल.