कप्तान माफी मागंल, असं तुम्ही म्हणाला होता

आबा,

काल दादाचा पोरगा साताऱ्याहून आला होता. जेवता जेवता म्हणाला, "आत्या, बाबांचा डावा कान कशानं गं गेला? विचारलं की म्हणतात, टीव्हीमुळं." मी भाकरी थापत होते. हसू आलं आणि तव्यावरची भाकरी करपली. टीव्हीमुळं म्हणे! तसं अगदी खोटं नाही ते. पण टीव्हीला पाय नसतात, आबा. लाथ तुमची होती. आणि त्या लाथेनंतर दादाला एक शब्द म्हणायचा होता तुम्ही. 'चुकलो.' एवढाच. तो त्याची वाट बघत राहिला, त्याच्याबरोबर मी बघत राहिले, आणि तुम्ही मात्र भलत्याच माणसाच्या माफीची वाट बघत बसलात. पोराला मी काहीतरी सांगून वाटेला लावलं. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही, म्हणून सकाळी हे लिहायला घेतलंय. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. तरी तुमच्याशीच बोलायचंय.

आष्ट्यातली आपली तालीम होती तशी अजून डोळ्यांपुढं आहे. घराला लागून लांबट खोली, मधल्या भिंतीत एक खिडकी. बायकांनी तालमीत पाऊल टाकायचं नाही हा तुमचा कायदा, म्हणून आई गेल्यापासून पोरांची थंडाई, दूध, सगळा खुराक मी त्या खिडकीतूनच द्यायची. दादानं कुठल्याशा जत्रेच्या मैदानात इनामात टीव्ही मारून आणला, तर तुम्ही तो घरात न ठेवता तालमीत ठेवलात, मारुतीच्या कोनाड्याशेजारी. "पोरांनी घाम गाळलाय, पोरांनीच बगायचा." बरं. मी खिडकीतून बघायची. रविवारी सकाळी मेहनत संपली की मातीनं माखलेली पोरं लंगोटावरच मांडी घालून बसायची आणि ती आकाशयानाची हिंदी मालिका लागायची. लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी तयार असायची. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण बैलासारख्या मानेचे ते पैलवान तारे न् ग्रह बघताना लहान पोरांसारखे तोंड उघडं टाकून बसायचे. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात जात होते, शास्त्र शाखेला. मग मधेच खिडकीकडं वळून कुणीतरी विचारायचं, "ताई, प्रकाशवर्ष म्हंजी किती लांब गं?"

तुम्हाला ताऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तुम्हाला तो यानाचा कप्तान आवडायचा. अंगावर खवले असलेला शत्रूचा राजा होता, पोरांनी त्याचं नावच खवल्या ठेवलेलं. कप्तान त्याला लोळवायचा आणि मग स्वतःच हात देऊन उठवायचा. तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारायचात. "ह्यो आपल्या मातीतला गडी हाय रं! पाठ लागली, कुस्ती संपली. पडलेल्याला हात लावायचा न्हाई." तालमीत पहिल्या दिवशी पोराला डाव शिकवायच्या आधी तुम्ही हेच शिकवायचात, आणि हे मोडलं म्हणून एकाला तुम्ही गुरुपौर्णिमेच्या दिवशी हाकलून दिलेलं मला आठवतं.

मग वर्षभरानं तीच मालिका नव्यानं सुरू झाली. कप्तान तोच, पण अर्धं तोंड भाजलेलं. यान काळंकुट्ट. पडद्यावर इतका अंधार की अँटेना फिरली असं समजून एक जण छपरावर चढला, "आलं का? आता आलं का?" करत बसला. खवल्यानं कप्तानाचं जुनं यान जाळलेलं असतं, आत त्याचा मुलगा. पहिल्याच भागात शत्रूचा एक शिपाई हत्यार टाकून गुडघ्यांवर बसतो, हात जोडतो. कप्तान म्हणतो, "रहम? वो तो पुराने जहाज में जल गया." आणि त्याचा हात पाठीमागं नेऊन कोपरातून उलटा मोडतो. मोडल्याचा आवाज येतो. मग त्याला दारातून बाहेर त्या काळोखात ढकलून देतो. मी खिडकीत पेला धरून तशीच उभी. आणि मागच्या रांगेतून कडक शिट्टी आली. शिट्टी दादाची होती.

तिथून आष्ट्यात दोन तट पडले म्हणा ना. न्हाव्याच्या दुकानात जुना कप्तान भला की नवा यावरून दोघं हमरीतुमरीवर आले, एकानं आरसा फोडला, दुसऱ्याची भुवई फुटली, न्हावी वस्तरा हातात घेऊन दोघांनाही शिव्या घालत होता. सांगलीला कॉलेजात निम्म्या पोरी म्हणायच्या, शी, कसला राक्षस केलाय त्याचा. निम्म्या म्हणायच्या, पोर जाळलंय त्याचं, तू काय केलं असतंस गं? आपल्या पलीकडच्या धान्याच्या दुकानातले जैन काका, कीडमुंगी न मारणारा माणूस, ते मारामारी आली की टीव्हीचा आवाज बंद करायचे. चित्र मात्र बघायचे. शाळेतली पोरं एका गालाला काजळ फासून हिंडायला लागली आणि एकमेकांचे हात पिरगळायला लागली. तालमीतल्या चार जणांनी माझ्याकडून दिल्लीच्या टीव्हीवाल्यांना पोस्टकार्ड लिहून घेतलं: आमचा कप्तान आम्हाला परत द्या. आणि तुम्ही? तुम्ही शांत. "चुकलाय त्यो," तुम्ही म्हणालात. "पोरगं गेलं, डोस्कं फिरलंय. ठिकाणावर यील. माफी मागंल, बगा तुमी."

"माफी कशाची, आबा?" दादा म्हणाला. "लय भारी केलं त्यानं."

"आन् तुझी पाठ लागल्यावर कुनी तुझा हात मोडला, तर चालंल व्हय रं?"

"माझी पाठ लागतच न्हाई."

"गेल्या साली माणच्या पोरानं लावली की!" कुणीतरी म्हणालं, आणि अख्खी तालीम हसली. तुम्हीपण हसलात, आबा. मी दादाचं तोंड बघितलं होतं. तुम्ही बघितलं नव्हतं.

माणचं पोरगं म्हणजे माणदेशातलं, तुम्ही मूळचे जिथले त्याच मुलखातलं. मेंढरामागं वाढलेलं, काटक, हसरं. साताऱ्याकडच्या त्या यात्रेच्या मैदानात दादाची पुन्हा त्याच्याशीच जोड लागली. मी तिथं नव्हते, पण मला इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता माझ्या डोळ्यांनी बघितल्यासारखं झालंय. हलगी कडकडतेय. दादा शड्डू ठोकतोय. दादानं त्याला ढाक डावावर घेतलं आणि स्वच्छ चितपट केलं. पंचांची शिट्टी झाली, फेटे उडाले. तिथं संपायला हवं होतं. पण दादा उठला नाही. त्या पोराला पालथं केलं, हात पाठीवर घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "रहम? वो तो..." आणि पुढचं गर्दीतल्या पोरांनी पुरं केलं, एका सुरात, गाणं म्हटल्यासारखं. मग कोपराचा आवाज झाला. पोरगं किंचाळलं ते पार माळाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. लोक टाळ्या वाजवत होते, आबा. सगळे नव्हते, पण वाजवत होते.

आणि तुम्ही आखाड्यात उतरलात, पायात वहाणा घालून. लाल मातीत वहाणा! जन्मात कधी अनवाण्या पायांनीसुद्धा तिला आधी हात लावून कपाळाला लावल्याशिवाय उतरला नव्हता तुम्ही. पहिल्या फटक्यात दादा खाली पडला. इथवर मी काही म्हणत नाही, वस्ताद पठ्ठ्याला मारतो, बाप लेकाला मारतो. पण तो पडला होता. पाठ लागली होती त्याची. आणि तुम्ही लाथा घालत राहिलात. छातीत, तोंडावर, कानावर. नाकातून, कानातून रक्त आलं तरी तुम्ही थांबला नाहीत. चौघांनी धरून ओढलं तेव्हा तुमची एक वहाण तिथंच राहिली. मग काय, माणची माणसं आणि आपली माणसं एकमेकांवर तुटून पडली, दगड चालले, हलगीवाल्याचं डोकं फुटलं.

मिरजेच्या दवाखान्यात दोघं एकाच वॉर्डात. माणच्या पोराचा हात सळ्या घालून जोडला, पण डॉक्टर म्हणाले, कुस्ती विसरा. दादाच्या कानाचा पडदा गेलेला. तुम्ही त्या पोराच्या खाटेशी दिवसरात्र बसलात, त्याला चमच्यानं भरवलंत, त्याच्या आईच्या पाया पडलात, "माझ्या लेकानं तुमचं घर बुडवलं" म्हणून तिच्यापुढं रडलात. चांगलं केलंत. पण दादाची खाट हाकेच्या अंतरावर होती. तो उजव्या कुशीवर वळलेला, भिंतीकडं तोंड करून. मी तुम्हाला म्हटलं, "आबा, एकदा जावा की त्याच्याकडं." तुम्ही म्हणालात, "त्यानं काय केलंय ते त्याला ठावं न्हाई व्हय?" त्याला ठाऊक होतं. त्यानं रांगत जाऊन त्या पोराचे पाय धरले होते, तुम्ही चहा आणायला गेला होता तेव्हा. ते पोरगं म्हणालं, "जाऊ दे गड्या, लागायचं ते लागलं." म्हणजे त्या वॉर्डात ज्यानं त्यानं आपापलं म्हणून टाकलं होतं. राहिला होतात तुम्ही एकटे.

आणि घरी आल्यावर रविवार चालूच! मला तुमच्या कशाचा संताप येतो सांगू? याचा. तुम्ही त्या कप्तानापुढं परत जाऊन बसलात. "आज मागंल," म्हणायचात. "आजचा भाग बगा." दादा तालमीत येईना झाला, माझ्याजवळ चुलीपाशी बसायचा. भिंतीपलीकडून कप्तानाचा आवाज यायचा. एकदा दादा म्हणाला, "आबा अजून वाट बगत्यात का गं त्याची?" मी हो म्हटलं. "मी बी बगतोय की," तो म्हणाला आणि लाकूड आत सारलं. मला वाटलं, उठावं आणि तो टीव्ही तुमच्या डोक्यात घालावा.

शेवटच्या भागात खवल्या हत्यार टाकतो, कप्तानापुढं आडवा पडतो. तुम्ही पुढं सरकून बसलात. कप्तानानं त्याच्या गळ्यावर पाय दिला आणि दिलेलाच ठेवला. संपलं. माफी नाही, काही नाही. निम्मी पोरं शिट्ट्या मारत उठली, निम्मी शिव्या देत उठली, आणि कुणी कुणाला पहिला हात लावला कळलं नाही, पण बघता बघता तालमीत रण माजलं. एकाचे दात पडले. कुणीतरी मुद्गल उचललं आणि टीव्हीवर घातलं, काचा मारुतीच्या पायांपर्यंत उडाल्या. तुम्ही मधे उभे राहून ओरडत होता आणि तुमचं कुणी ऐकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दादाला तालमीत बोलावलंत. मी खिडकीत. पोरं भिंतीला टेकून, कुणाचं डोकं बांधलेलं, कुणाचा ओठ सुजलेला. तुम्ही अंगातलं काढलंत. छातीवरचे केस पांढरे. मातीत उतरलात आणि म्हणालात, "ये." दादा उतरला. हाताला हात लागला, आणि तुम्ही काहीच केलं नाहीत. अंग सैल सोडलंत. दादानं नुसतं ढकललं तर तुम्ही पडलात, पाठीवर, सगळ्या पठ्ठ्यांसमोर. हात पसरून पडून राहिलात आणि म्हणालात, "आता तू मार." पोरं रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला राग आला. 'चुकलो' म्हणायला काय झालं होतं? त्यापेक्षा मार खाणं तुम्हाला सोपं वाटलं! दादा तुमच्या छातीवर बसला, मूठ वर उचलली. तुम्ही डोळे मिटलेत.

"दादा, हाण!"

मी ओरडले, आबा. अख्ख्या तालमीनं मान वळवली. दादानं चांगल्या कानानं ऐकलं, माझ्याकडं बघितलं, आणि मूठ खाली घेतली. उठला, माती झटकली आणि दुपारच्या एसटीनं साताऱ्याला गेला तो गेलाच. तुम्हाला अग्नी द्यायलाच आला.

तुम्ही मला त्यावर कधी बोलला नाहीत. पण शेवटच्या दुखण्यात, मी पेज भरवताना, तुम्ही माझ्याकडं टक लावून बघायचात. मला कळत होतं कशाची वाट बघताय ते. मी तोंड पुसायची आणि वाटी घेऊन उठायची. आज लिहायला बसले ती खरं तर तेवढंच लिहायला, दादासाठी तुमच्या तोंडून निघाला नाही तोच एक शब्द; लिहिला म्हणजे सुटले. पानं भरली, तो काही उतरत नाही. कारण खरं सांगायचं तर मला अजून वाटतं, आबा, एक तरी बसायला हवी होती तुम्हाला.