दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची काशीला! बदलीचा कागद दाखवला तेव्हा आईनं कपाळाला हात लावला होता. माणसं काशीला शेवटी जातात, तू आत्ताच कुठं निघालीस, म्हणे. आदित्य महिनाअखेरीस येईल. तोवर मी आणि आमची सहा वर्षांची बकुळ. मुन्शी घाटामागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्यात. मालकीणबाई शरदिनीकाकू, चार पिढ्या इथल्याच. फोनवर त्यांचं मराठी ऐकून मजा वाटली. म्हणाल्या, परेशान होऊ नकोस, किल्ली बाजूच्यांकडे आहे. त्या आठवडाभर लखनौला मुलाकडे आहेत.

५ नोव्हेंबर
दाराबाहेरचा दिवा अगदीच भंगार. गंजलेला, त्यात तोंड पूर्वेच्या भिंतीकडे! काल संध्याकाळी बकुळ पायरीवरून घसरली. रेल्वेच्या इलेक्ट्रिकलमध्ये बारा वर्षं काढलेल्या बाईच्या दारात अंधार, शोभतं का? आज सुट्टी घेतली. मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, लाकडी शिडी घेतली. गंज घासून काढला, प्रायमर, वर हिरवा ऑइल पेंट. वायर नवी, पाणी शिरू नये म्हणून रबराची चकतीही नवी. मग दिवा फिरवून त्याचं तोंड दक्षिणेला केलं, पायऱ्यांवर. काय लख्ख उजेड पडला! बकुळ टाळ्या वाजवत नाचली.

७ नोव्हेंबर
संध्याकाळी दिव्याखाली एक म्हातारी बसलेली असते. पांढरं लुगडं, नऊवारी. यात्रेकरू असेल म्हणून पाणी नेलं, तर पायरी रिकामी. बकुळ म्हणते, आजी रोज विचारतात, माझ्यासाठी दिवा कुणी लावला? बकुळनं सांगून टाकलं, माझ्या आईनं.

९ नोव्हेंबर
दिवा बंद होत नाही. बटण बंद, मेन बंद. टेस्टर लावला तर जरासुद्धा पेटत नाही, आणि दिवा मात्र जळतोय. शेवटी वायर कापली. कापलेलं टोक माझ्या हातात आणि वर उजेड तसाच. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही.

१० नोव्हेंबर
काकू आल्या. रिक्षातून उतरल्या, दिवा पाहिला आणि मटकन खाली बसल्या. दक्षिणेला तोंड करून दिवा कधी लावतात, हे तुला ठाऊक नाही का, म्हणून ओरडल्या. ठाऊक आहे हो! घरात माणूस गेलं की, दहा दिवस. देवापुढचं निरांजन मी चुकूनही कधी दक्षिणेला ठेवलं नाही. पण बल्बला कुठली आलीय दिशा? डोक्यातच आलं नाही.
म्हातारीचं सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, मरायला म्हणून इथं आलेली कितीतरी माणसं, मागे दिवा लावणारं कुणी नसलेली, असा दिवा शोधत फिरतात. माझ्या सासऱ्यांनी म्हणूनच तो दिवा पूर्वेला वळवला होता. आता ती बाई तुझ्या घरची झाली. तिचं दहावं तुलाच करावं लागेल.

१२ नोव्हेंबर
पळून जायचं ठरवलं. स्टेशनवर पोचेपर्यंत बकुळ तापानं फणफणली, डोळे पांढरे. परत गल्लीत शिरलो तशी उठून बसली. आजी वाट बघत होत्या, म्हणाली.
देवा, माझं काय ते कर. तिला सोड.

१४ नोव्हेंबर, सकाळ
दहावा दिवस. दशाश्वमेधचे यज्ञेश्वर गुरुजी आले. घाटावर पिंड ठेवला. कावळे आले, भोवती बसले, एकही शिवेना. इच्छा राहिलीय, बोला, गुरुजी म्हणाले. दरवर्षी श्राद्ध करीन म्हटलं. गयेला जाईन म्हटलं. पदर पसरला, रडले. कावळे नुसते बघत राहिले. ऊन चढलं.
तेवढ्यात बकुळ पुढे झाली. म्हणाली, आजी, एकट्या जायला भीती वाटते ना? मी येते तुमच्याबरोबर.
कावळा झडप घालून शिवला.

दुपार
गुरुजींचे पाय धरले. बकुळचा शब्द मोडा, तिच्याऐवजी मी जाते म्हटलं. ते दक्षिणा न घेताच गेले. कावळा शिवला की शब्द फिरत नाही, एवढंच म्हणाले.

संध्याकाळ
आदित्य, फोन लागत नाही म्हणून लिहितेय. दिवा विझला. आपोआप. काकूंनी दाराला कडी घातलीय, वर लाकडी आडणा आडवा लावलाय —
बकुळ सँडल घालतेय. कुठं निघालीस म्हटलं. म्हणाली, अंधार झाला ना, आजींना पायऱ्या दिसत नाहीत, हात धरायला हवा.
मी तिला धरलंय. डाव्या हातानं, घट्ट. सोडणार नाही. आदित्य, मी सोडणार नाही —
तिचा हात गार पडतोय. बकुळ, इकडे बघ. बाळा, आईकडे —
आडण्याला कुणी हात लावला नाही. दार उघ