गावाचा परस

सोनगीर, किल्ल्यामागची वाडी
पौष वद्य पंचमी, शके १८५७

थोरले साडू सुकदेवनाना, मुक्काम पहूर, यांना धाकट्या साडूचा म्हणजे अभिमनचा वाकून नमस्कार. (वाकण्यावरून इकडे केवढे रामायण झाले ते पुढे येईलच.) आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमच्या कपाळावरचे टेंगूळ आता बसले असेल. आमच्या पुष्पाच्या लग्नात मांडवाचा पुढचा वासा खाली बांधला गेला त्यात माझा काही दोष नव्हता, आणि त्याच वाशाला तुमच्यामागोमाग आणखी एका गृहस्थांचे कपाळ नेमके तसेच आपटले, हे तुम्हाला समाधानासाठी कळवतो. हे पत्र तुमच्या हाती देणारे वृद्ध ते हेच. यांचे नाव झुलालआबा. तुमच्या गल्लीतल्या बेबाबाईंचे हे वडील. लेकीचे घर सापडेपर्यंत त्यांना तुमच्या ओट्यावर पाणी द्या, बाज टाकून द्या आणि हवे तितके आडवे होऊ द्या. 'आबा, जरा उभे राहा' असे मात्र तुमच्या घरात कोणी चुकूनही म्हणू नये.

का, ते सांगतो. विहिरीची खोली आपल्याकडे परसांत मोजतात हे तुम्हाला ठाऊक आहे. माणसाने पाय जुळवून उभे राहायचे, दोन्ही हात सरळ वर करायचे, तळव्यापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल तो एक परस. खोदणाऱ्यांची मजुरी परसावर ठरते. आता परस लांब निघाला तर मालकाचे फावते आणि आखूड निघाला तर खोदणाऱ्यांचे. त्यामुळे पूर्वी मालक माप द्यायला भिकन पैलवानाला आणत आणि खोदणारे आपल्यातला सर्वांत ठेंगणा गडी पुढे करत. विहीर राहायची बाजूला आणि काठावर डोकी फुटायची. शेवटी पंचांनी तोड काढली, की मध्यम उंचीचा आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला झुलाल हाच गावाचा परस. तुम्ही म्हणाल, त्याच्याएवढी दोरी कापून ठेवायची. ठेवली होती की! मारुतीच्या देवळात टांगली होती, आणि प्रत्यक्ष मारुतीच्या देखत कोणीतरी ती वीतभर कापून नेली. तेव्हापासून ठरले, की दोरी कापता येते, झुलालला कापता येत नाही. प्रत्येक विहिरीला प्रत्येक वेळी आबांनी स्वतः उभे राहायचे.

नाना, हा माणूस कसा उभा राहिला ते तुम्ही पाहायला हवे होते. माप असले की मालकाच्या घरून आबांकडे दुधाचा तांब्या येई आणि सोबत निरोप, की आबा, दोन दिवस नखे काढू नका. तिकडून खोदणारे न्हाव्याला पाठवत, की आबांची नखे मुळापासून काढून ये. आबा तांब्या परत पाठवत, न्हाव्यालाही परत पाठवत आणि चावडीपुढे सगळ्यांच्या देखत बसून आपली नखे आपण काढत. त्यांच्या स्वतःच्या शेतात विहीर झाली तेव्हाही ते तसेच उभे राहिले, टाच तसूभर उचलली नाही. अंगात ताप असताना उभे राहिलेले मी पाहिले आहे. मला या माणसाचा फार अभिमान वाटतो, आणि तो वाटायला माझी विहीर अर्धी खोदून पडली आहे हे कारण नाही. (माझी विहीर अर्धी खोदून पडली आहे, हे खरे.)

पण या मानाची एक वाईट बाजू होती. गावात एक विहीर संपते न संपते तो दुसरी सुरू. माप गावाबाहेर कसे जाऊ द्यायचे? बेबाबाईंचे निरोपावर निरोप येत, की आबा, एकटे किती दिवस राहाल, आता माझ्याकडे या. आबा गाठोडे बांधत आणि कोणीतरी येऊन ते सोडून ठेवी. आंब्यावर चढायचे नाही, कारण पाय मोडला तर? डोक्यावर भारा घ्यायचा नाही, कारण मान दबली तर? अलीकडे आबांची पाठ जराशी कलू लागली, तशी आम्ही मालकमंडळींनी तेल लावून ती चोळायलाही सुरुवात केली. म्हातारपणाने सगळे वाकतात, पण आबांना तीही सवलत नव्हती.

एवढ्यात सरकारी दवंडी आली. मुंबई सरकारने वजने-मापे एकसारखी करण्याचा कायदा केला आहे, तेव्हा गावात चालू असलेले प्रत्येक माप तपासून शिक्का मारून घेण्यासाठी चावडीवर आणावे. आम्ही कायदा पाळणारी माणसे. झाडून सगळे शेर आणले, पायल्या आणल्या, वाण्याची वजने आणली, आणि धुऊनपुसून झुलालआबांनाही आणले. ओळीत पायलीनंतर त्यांना बसवले. तपासणी करणारा साहेब मापांमागून मापे उलटी करून बघत आबांपर्यंत आला आणि थांबला. हे काय, म्हणाला. आमचे पाटील वना यांनी नम्रपणे सांगितले, की साहेब, हा आमचा परस. शिक्का जरा हलक्या हाताने मारावा.

साहेब हसला नाही. (त्याच्याविषयीही मला आदर वाटतो.) त्याने आबांना उभे राहायला सांगितले आणि विचारले, की पहिल्यांदा माप झालात तेव्हा हात कुठवर पोचत होता? आबा खोटे बोलतील कशाला? त्यांनी चावडीची तुळई दाखवली. आता हात वर केले तर बोटे आणि तुळई यांच्यात चांगले चार बोटे अंतर. मी तिथल्या तिथे हरकत घेतली, की चावडीची भुई दरसाल सारवून सारवून वर येते, तिची साक्ष धरता येणार नाही. साहेब शांतपणे म्हणाला, भुई वर आली असेल तर बोटे तुळईच्या वर जायला हवी होती. यावर मला खोकला आला. साहेबाने निकाल दिला, की हे माप झिजलेले आहे, वापरातून काढावे. मग लोखंडी फूटपट्टी पाटलांच्या हाती ठेवून तो पुढच्या गावाला गेला.

संध्याकाळी चावडीवर सभा भरली. मी बोलायला उठलो, आणि नाना, असा बोललो की माझे मलाच भरून आले. म्हटले, आज परस नेला, उद्या हात नेतील, परवा वीत नेतील. मग आमच्या बायकांच्या चिमटीला शिक्का मारतील आणि मुंबईपासून धुळ्यापर्यंत सगळ्यांच्या भाजीत एकच मीठ पडेल! आम्ही किती खोल जायचे ते आमच्या माणसाने ठरवायचे की साहेबाच्या लोखंडाने? टाळ्या पडल्या. (आमच्या सौभाग्यवती सुंदरबाई मागून म्हणाल्या, की मिठाचे तेवढे एकदा ठरूनच जाऊ द्या. ते मी ऐकले नाही.) कोणीतरी आबांना हार घातला. ठराव झाला, की आमचा परस आमचे स्वातंत्र्य आहे आणि तो गाव सोडून जाणार नाही.

तेव्हा आबा उठले. या सगळ्या वर्षांत त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते, हे मला त्या वेळी पहिल्यांदा जाणवले. त्यांनी हार काढून फूटपट्टीला घातला आणि म्हणाले, "भाऊसहोन, बठ्ठा गावन्या इहिरी मी सरळ उभा राहिसन मोजी दिन्यात. आते माले जरासं वाकू द्या. मी मानूस शे, माप लोखंडनं राहू द्या."

मग आबांनी आमच्यासमोर पाठ सैल सोडली. इतकी वर्षे ताठ धरलेली पाठ हळूहळू वाकत गेली आणि ते एखाद्या साध्या म्हाताऱ्यासारखे दिसू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर इतके सुख मी पुष्पाच्या लग्नातल्या जेवणानंतरही पाहिले नव्हते. मला रडू आले, खोटे कशाला सांगू. स्वातंत्र्यावर मी तासभर बोललो, आणि ते भोगायला एका माणसाला साधे वाकता येणे पुरेसे होते! ठराव तिथेच मागे घेतला. आज सकाळी सगळा गाव त्यांना मोटारस्टँडवर पोचवायला आला आहे, आबा मोटारीत मुद्दाम वाकून चढले, आणि मोटार सुटायच्या आत त्यांच्या हाती देता यावे म्हणून मी हे पत्र स्टँडवरच पुरे करतो आहे.

लोखंडी फूटपट्टीचा मी आता पक्का अभिमानी झालो आहे. माणसाला माप करणे हा जुलूम आहे, आणि तो आमच्या गावात पुन्हा होणार नाही, हे मी तुम्हाला शपथेवर लिहून देतो. अक्कांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
अभिमन

ता. क. : एक किरकोळ अडचण आहे. खोदणारे म्हणतात, तुमची विहीर परसावर सुरू झाली, ती परसावरच संपेल. अर्धी विहीर आबांत आणि अर्धी फुटांत मोजली तर बेरीज कोण करणार? पंचांनाही ते पटले. तेव्हा मला मांडवाच्या वाशाची आठवण झाली. तुमची आणि आबांची उंची तंतोतंत एक आहे. हातांचेही बघायला नको, कारण त्याच लग्नाच्या पंगतीत तुमचा हात दोन पाने ओलांडून लोणच्याला पोचला होता. मी तुमच्या वतीने होकार देऊन बसलो आहे. आठच दिवसांचे काम आहे. (पाटलांनाही चैत्रात विहीर काढायची आहे म्हणे, पण ते नंतर बघू.)

ता. क. दुसरा : यातले आबांना काही सांगू नका. ऐकले तर ते बाजेवरून उठतील, पाठ ताठ करतील आणि परतीची मोटार धरतील.

ता. क. तिसरा : निघण्यापूर्वी नखे काढू नका.