दाराकडे तोंड असलेली खुर्ची

गुरु. ६ नोव्हें.
हॉस्पिटलच्या लॅबमधून उशिरा सुटलो. हमीदभाईंच्या कॅफेत पोचलो तेव्हा ईशाची, रात्रीच्या नमाजाची, अजान संपून गुरुवारचं वाजवणं पुन्हा सुरू झालेलं. नोरा नेहमीच्या खुर्चीत, व्हायोलिन हनुवटीखाली, तोंड दाराकडे. भुवईनेच "ये". पहिल्यांदाही असंच बोलावलं होतं, माझ्या पिशवीत बासरी बघून. आयरिश चालींचा मला तेव्हा गंधही नव्हता.
मधल्या चहाला सांगितलं तिने. तिकडे आयर्लंडला आई अंथरुणाला खिळलीय. आमच्या हॉस्पिटलात नर्सच्या नोकरीचा राजीनामा दिला, फायनल एक्झिट, म्हणजे हा देश कायमचा सोडायचा व्हिसा, लागला. पुढचा गुरुवार शेवटचा.


शनि. ८
हमीदभाई म्हणाले, "सुधीरभाई, नोरा सिस्टर बोली, अब आप ही चलाओ. लिफाफा भी आपका." वाजवायला कुणीही यावं, पण सुरू करायला एक माणूस हमखास हवा, म्हणून ते नोराला दर गुरुवारी पैशांचं पाकीट देतात. नोरा त्यातून सगळ्यांना पराठे खिलवते.
हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर थांबली असती? वेडेपणा नुसता.

मंगळ. ११
ड्यूटीनंतर कॅन्टीनमध्ये नोराकडे माझी यजमानपणाची शिकवणी. चाल तीनदा वाजवायची. तिसऱ्यांदा संपत आली की पाय उचलायचा, सगळे एकदम थांबतात. आणि तोंड कायम दाराकडे. नवखा माणूस दारातच घुटमळतो, तो कुणाला तरी दिसायला हवा. "हेच खरं काम. वाजवणं नंतर," म्हणाली.
सांगून टाकावं का तिला? आज नको. गुरुवारी नक्की.

गुरु. १३
तिने मला खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी. तिची आवडती संथ चाल धरली. तिसऱ्यांदा संपत आली. आता पाय...
नाही उचलला. चौथ्यांदा. पाचव्यांदा. सगळे माझ्या पायाकडे बघत वाजवतायत, करतील काय बिचारे. विसरलो नव्हतो. संपवायचंच नव्हतं मला. किती वेळ चाललं देव जाणे. शेवटी नोरानेच आपला पाय उचलला. डोळे भरलेले. "पुरे, सुधीर."
तिला कळलं. नक्की कळलं. 

शुक्र. १४
एअरपोर्टवर व्हायोलिन मी धरलं होतं. तिने सरळ विचारलं, "काही सांगायचंय?"
मी म्हणालो, "जा, काउंटरला गर्दी होईल."
गाढव. शुद्ध गाढव.
घरी येऊन रडलो. चिपळूणहून आईचा फोन. आवाज बसलाय म्हणाली, सर्दी म्हटलं.

गुरु. २०
मी एकटा यजमान. दारात एक फिलिपिनो सिस्टर, पाठीला गिटार, आत यावं की नाही अशी. भुवईने बोलावलं, खुर्ची ओढून दिली. छान वाजवते.
तीनदा वाजवलं, पाय उचलला, सगळे थांबले. सोपं आहे की.
सवयीने दोन चहा सांगितले. दुसरा तसाच गार.

गुरु. २७
दुपारी नोराचा मेसेज. आईला जरा बरं आहे. "दाराकडे बघतोस ना?"
"बघतो," एवढंच पाठवलं. मग आणखी दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, पुन्हा लिहिल्या. अजून पाठवलेल्या नाहीत. कॅफेत बसून हे लिहितोय, फोन समोर उघडाच आहे.
हमीदभाई आत्ता डोकावून गेले. "दरवाज़े पे क्या देखते हो, भाई? सब तो आ गए."
"उसी का तो लिफाफा देते हो आप," म्हटलं.