बाबांचं ताट, आधी आणि नंतर

४ मार्च
नाही, मी पळ काढलेला नाही! आणि तू कोण विचारणारं? कोरं पान, तुला काय जातंय बोलायला. कथा कोणी छापत नव्हतं म्हणून आहारशास्त्राला आले — बरं, मग?
आज संशोधनपद्धतीचा तास. सर म्हणाले, "काल काय खाल्लंत विचारलं की सगळे खोटं सांगतात. मुद्दाम नाही, लाजेनं." लाजेनं खोटं बोलणारी माणसं — ही तर कथाच! अख्ख्या कॉलेजात कथेबद्दल बोलणारा हा एकच माणूस, आणि त्याला ते माहीतही नाही!
प्रबंधासाठी एका माणसाचं खाणं तोलायचं. वाढलेलं ताट आधी, उरलेलं नंतर. वजाबाकी म्हणजे पोटात गेलेलं.
मी बाबांना धरलं. आई गेल्यापासून दोन घासांत उठतात. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही. पण असंच चाललं तर होईल."

७ मार्च
वजनकाटा आणला. बाबा म्हणाले, "इन्स्पेक्टरबाई, वॉरंट आहे का?" कितीतरी दिवसांनी चेष्टा!
भात, भाजी, अंडं — सगळं संपवलं. चमच्यानं ताट खरवडलं, माझ्यापुढे सरकवलं. "हं. लिहा."
स्वयंपाकघरात जाऊन रडले.

८ मार्च
आजही स्वच्छ. वर थोडा भात मागून घेतला!

११ मार्च
सरांनी तक्ता पाहिला, उरलेलं रोज शून्य. "हा माणूस जेवत नाहीये. तुम्हाला जेवून दाखवतोय." वर्ग हसला.
म्हणे मोजणारा समोर बसला की खाणं बदलतं, हा या पद्धतीचा जुनाच रोग. उपाय — मोजणं बंद. नुसतं बघायचं, अंदाजानं टिपायचं. आग्रह करायचा नाही, टोकायचं नाही. मग दोन्ही तक्त्यांतला फरक मांडायचा. "तो फरक हाच तुमचा प्रबंध."
छान. बापाच्या उपासावर पदवी.

१४ मार्च
बाबांना सांगितलं, काटा बिघडलाय.
"मग आज?"
"आज असंच जेवा."
दोन घास. "भरलं गं पोट."
मी वाढायला उठले नाही. आग्रह केला तर आकडा बिघडतो ना! माझं ताट मात्र संपवलं. निर्लज्जासारखं.

१६ मार्च
चहा. ब्रेडचा कोपरा. पुन्हा चहा.

१७ मार्च
आत्या आली. भावाकडे बघून माझ्यावरच घसरली. "गालफडं बघ याची! तिथे शिकतेस काय तू, माणसं वाळवायला?" मग स्वतः वाढलं, दटावलं, शपथ घातली. बाबांनी हात जोडले आणि ताट बाजूला केलं.
ती भांडी घासायला गेल्यावर मला हळूच म्हणाले, "काटा दुरुस्त होत नाही का गं?"
"का?"
"तू लिहून घेतेस तेव्हा कसं, काम असतं. तुझं अडलेलं असतं. नुसतंच जेवायचं म्हणजे..."
आणि मी — मी हे वाक्यसुद्धा मनात टिपून घेतलं. प्रबंधात शोभेल म्हणून!

१८ मार्च
सर खूश. "जबरदस्त फरक आहे. अजून थोडे दिवस ओढा."
ओढा!
मोजलं तर आकडा खोटा. नाही मोजलं तर आकडा खरा आणि बाबा संपतायत. आणि मोजून तरी काय? जन्मभर काटा मांडून बसू त्यांच्यापुढे? तो काय इलाज आहे? त्यांना भूक नाहीच. माझ्यासाठी गिळतात. कशातून काही निघेल असं वाटत नाही. लिहूनही नाही.

१९ मार्च
सरांच्या खोलीत गेले. उभ्याउभ्याच सांगितलं — दुसरा तक्ता पुरा होणार नाही. पहिला फाडलाय. प्रबंधाच्या यादीतून माझं नाव काढा. सकाळपासून मोजणं परत सुरू केलंय, पण ते तुमच्यासाठी नाही.
त्यांनी चष्मा काढला, तोंड उघडलं. मी थांबलेच नाही.
जिन्यात बसून हे खरडतेय. बस्स, निघते. बाबा ताट वाढून थांबलेत.