चष्मा पिशवीत का होता?

प्रिय चौकशीबाई,

रविवारी रुग्णालयात तुमच्या खाटेशेजारी तासभर बसले, पण तुमच्या पुतण्यासमोर विचारायचं तेच राहून गेलं. तुम्ही स्वतःच्या घरी परतायचं की त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात जायचं, हे गुरुवारी डॉक्टरांसमोर ठरणार आहे. बिचारा मनापासून धावपळ करतोय. काकू तयार आहे, तिला काही नको, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय.

तुम्हाला ते तिसरं घर आठवतं? मी चौदा वर्षांची होते. आमची जबाबदारी आईकडून काढून घेतलेली, धाकटी बहीण सांभाळायला एका परक्या घरी आणि मी दुसऱ्या. न्यायालयानं माझी बाजू मांडायला तुम्हाला नेमलं होतं, तेही बिनपगारी, याचं मला भारी नवल वाटायचं. दर दुसऱ्या शनिवारी तुम्ही वही घेऊन हजर. काय खाल्लं, झोप लागते का, खिडकी कोण उघडतं! मी वैतागून तुमचं नाव चौकशीबाई ठेवलं. तुमच्या कानावर गेलं तेव्हा तुम्ही खो खो हसलात आणि माझंही बारसं उरकलंत.

तेव्हा तुमची चूक झाली होती, बरं का. माझी ताठ चादर आणि एकावर एक रचलेली पुस्तकं पाहून तुम्ही अहवालात लिहिलंत की मुलगी रुळली आहे, तिला काही नको. मुलाला वाचून दाखवल्याशिवाय कागद न्यायाधीशांकडे न्यायचा नाही हा तुमचा नियम, म्हणून तो मला वाचून दाखवलात. मी मान डोलावली. जाताना तुमची नजर दारामागच्या माझ्या पिशवीवर गेली आणि तुम्ही विचारलंत, दात घासायचा ब्रश पिशवीत का? मला रडूच फुटलं. कधीही निघा म्हणतील, म्हणून मी काहीच बाहेर ठेवत नव्हते. मग धाकटीजवळ राहायचंय हे पहिल्यांदा तोंडातून निघालं. सोमवारी तुम्ही भर न्यायालयात माझा अहवाल चुकला म्हणालात. चार महिन्यांनी आम्ही दोघी एका घरात होतो.

धाकटी परवाच दुकानात येऊन गेली, नवी फ्रेम फुकटात उपटून. चष्म्याच्या दुकानात आता मीही दिवसभर चौकशाच करते. हे स्पष्ट दिसतं की ते? निम्मे लोक भिडेखातर दिसतंय म्हणतात. त्यांना पुन्हा विचारावं लागतं.

रविवारी तुमची चादर ताठ होती. कंगवा, रुमाल, सगळं उशाजवळच्या पिशवीत. चष्मासुद्धा! वर्तमानपत्राची घडी तशीच. उठल्याबरोबर चष्मा शोधणाऱ्या बाईचा चष्मा पिशवीत का? गुरुवारी तुमच्या बाजूनं बोलायला मी बसणार आहे, पुतण्यानं हो म्हटलंय. बुधवारी येऊन मी काय सांगणार ते आधी तुम्हाला वाचून दाखवीन. म्हणून विचारते, तुम्हाला काय हवंय? काही नको हे उत्तर मी घेणार नाही, ते माझं नाव आहे. आणि हे वाचायला चष्मा बाहेर काढलाच असेल, तर आता तो बाहेरच राहू द्या.

तुमचीच,
काहीनको