ओटीपी संयोगिताच्या मोबाईलवर

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९
संयोगिता गडहिंग्लजला माहेरी गेली, त्याला आज बारा दिवस. राग उतरला की येईल. कारण क्षुल्लक. गिऱ्हाइकांसमोर मी एवढंच म्हणालो की तुला काय कळतंय यातलं. नवरा-बायकोत चालायचंच.
संकल्प: ती यायच्या आत कार्डाचं मशीन दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडायचं. इकडं भांड्यांचं बिल केलं की तिकडं रक्कम मशीनवर. दोन वर्षं मागं लागली होती. मीच नको म्हणायचो. आता बघून थक्क होईल. काम तासाभराचं.

दुपारी ४
केबल खुपसली. मशीन चार्ज झालं. बाकी काही नाही. दोष कॉम्प्युटरचा. अकरा वर्षं तीच वापरत होती.

मंगळवार, ४ मार्च
मशीनच्या कंपनीचा आकाराम उचगावहून आला. म्हणाला, "नुसती वायर खुपसून भागत न्हाय पावणं. दोन्ही एकाच वायफायवर पायजेत की." मला माहीत होतं. त्याची परीक्षा घेत होतो.
वायफायचा पासवर्ड मॉनिटरच्या मागं तिच्या अक्षरात चिकटवलेला: 'लग्नाची तारीख'. दोनदा चुकली. तारखा हे माझं खातं नव्हे. शेवटी भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोखाली बघून टाकली.
मग मशीननं ओटीपी मागितला. नोंदणी तिच्या नंबरवर, म्हणून तो जातो तिच्या मोबाईलवर. आकाराम म्हणाला, वैनींना फोन लावा. म्हटलं, त्या कामात असतील.

गुरुवार, ६ मार्च
फोन करणं म्हणजे नमतं घेणं नव्हे. धंद्याचं काम. केला. पहिल्याच रिंगला उचलला! वाट बघत होती, उघड आहे. सहा आकडे सावकाश सांगितले. म्हणाली, "लिहून घेतलं का?" हो म्हणालो. फोन ठेवून दिला. रेंज कमी होती.
मशीन जोडलं गेलं.

शनिवार, ८ मार्च
जोडणी पक्की आहे का बघायला तोडून बघितली. पुन्हा ओटीपी. पुन्हा फोन. विचारलं, जेवण झालं का? म्हणाली, "आकडे सांगू?"
आवाजात ओलावा होता.

मंगळवार, ११ मार्च
सकाळी एकदा तपासणी, संध्याकाळी एकदा. दुकानात झाडलोट करणारी शालूबाई म्हणाली, "मालक, चालू मशीन कशापायी तोडताय?" टेस्टिंग म्हणजे काय, तिला काय कळतंय.

गुरुवार, १३ मार्च. दुपारी १
संयोगिताचा स्वतःहून फोन! रिंग वाजतानाच ठरवलं, स्टँडवर आणायला मीच जाणार.
म्हणाली, "अहो, त्या मशीनात ओटीपीचा नंबर बदलायची सोय हाय. तुमचा घाला. मी हितं कापडाच्या दुकानात कामाला लागलीया. काउंटरवर फोन घेता येत न्हाय."
विचारलं, मालक कसे आहेत? म्हणाली, "बरं हायती. मी सांगितलेलं ऐकून घेत्यात."
मी म्हणालो, माझं चुकलं.
म्हणाली, "नंबर बदलायला घ्या. ओटीपी आला की सांगते."
तिनं सांगितला.

सोमवार, १७ मार्च
सकाळी मशीनची जोडणी आपोआप तुटली. खरंच. मी हात लावला नव्हता.
ओटीपी माझ्याच मोबाईलवर आला. टाकला. जोडलं गेलं.
कुणाला फोन करावा लागला नाही.